गंभिऱ्यांच्या लाल चिठ्ठ्या

एकतीस वर्षं मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. तेवढ्या काळात माझ्या आवाजाबद्दल तक्रार करायची कुणाची छाती झाली नाही. निवृत्तीनंतर एका माणसाने मला लेखी कळवलं, की पान ४१वर माझी बांगडी वाजते, पान ६३वर मी चिडले आहे आणि पान ८८वर मी घोट घेतला आहे. पाण्याचा नव्हे, चहाचा. खाली सही, तारीख. चिठ्ठीचा रंग लाल. लाल म्हणजे नापास.

मी तरातरा शेजारच्या खोलीत गेले. "चहाचा कशावरून?"

"पाण्यावर कुणी फुंकर मारत न्हाई, बाई," ते म्हणाले आणि पुन्हा हेडफोन चढवला.

मी परत येऊन ते प्रकरण दुसऱ्यांदा वाचलं. उत्तरेश्वर गंभिरे यांची आणि माझी ओळख ही अशी झाली.

आमची संस्था कर्वेनगरात एका सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत चालते. अंध विद्यार्थ्यांसाठी आम्ही पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो. वाचक चौदा. बहुतेक बायका, बहुतेक सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे, आणि प्रत्येकीचा आपल्या उच्चारांवर गाढ विश्वास. एका खोलीत माइक असतो, तिथे आम्ही वाचतो. दुसरीत एक टेबल, एक लॅपटॉप आणि एक खुर्ची. त्या खुर्चीत गेली सात वर्षं गंभिरे बसतात. आम्ही वाचलेला प्रत्येक शब्द आधी त्यांच्या कानातून जातो. त्यांनी हिरवी चिठ्ठी दिली तरच तो पुढे विद्यार्थ्यांकडे जातो. पिवळी आली तर तेवढं पान दुरुस्त करायचं. लाल आली तर सगळं प्रकरण पहिल्यापासून.

खरं तर ते ऐकायला आलेच नव्हते, वाचायला आले होते. "वाचक हवेत" ही आमची पाटी त्यांनी बसमधून पाहिली आणि पुढच्या थांब्यावर उतरून चालत मागे आले. उल्काताई आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या वाचक. त्यांनी चाचणी घेतली. माणूस कळंबकडचा, समोर छापलेलं असताना पहिल्याच वाक्यात 'आहे'चं 'हाय' झालं. उल्काताई म्हणाल्या, "आवाज छान आहे हो आपला. पण सध्या आपल्याकडे शेतीची पुस्तकं नाहीयेत."

आमच्याकडे याला सौजन्य म्हणतात.

गंभिऱ्यांनी पुस्तक मिटून व्यवस्थित टेबलावर ठेवलं. "मग ऐकायला ठेवा," ते म्हणाले. "कान गावाकडचा असला तर चालतो का?"

कान चालतो की नाही यावर कुणाचंच काही मत नव्हतं. त्यामुळे त्यांना खुर्ची मिळाली. तेव्हापासून चौदा शुद्ध वाचक एका अशुद्ध बोलणाऱ्या माणसाच्या तावडीत आहेत. उल्काताईंना पहिल्या वर्षी अकरा लाल चिठ्ठ्या मिळाल्या. प्रत्येक चिठ्ठी बरोबर होती, हे त्यातलं खरं दुःख.

गंभिऱ्यांनी आयटीआय केलं आणि पुण्याला येऊन खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं तपासनिसाचं काम केलं. काय तपासायचे ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी एकदा फारच खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "गोल असतं." निवृत्त झाले तरी तपासणी सुटली नाही. हॉटेलात इडली उलटी करून बघतात. मुलीच्या लग्नाच्या तीनशे पत्रिका त्यांनी छापखान्याला परत केल्या, कारण चौकट एका बाजूला झुकत होती. त्यांच्या पत्नी नंदाताई मला एकदा म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून पोळी उजेडाला धरून बघतात. एकदाच लाल दिली मला. मी दोन दिवस डबा दिला नाही. तेव्हापासून पिवळीच्या वर कधी गेले नाहीत."

त्यांचं एक वाक्य मी शंभर वेळा ऐकलं असेल. "कामाला बसायच्या आधी मापाचं शून्य बघायचं. माप खोटं असलं की चांगला माल नापास व्हतो, आणि मालाला बोलता येत न्हाई." हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

सप्टेंबरात एके दिवशी त्यांच्या टेबलावर काडेपेटीपेक्षा जरा मोठी एक काळी डबी दिसली. लॅपटॉप आणि हेडफोन यांच्या मध्ये जोडायचा छोटा अॅम्प्लिफायर; खिशात मावणारा, चार्ज करून वापरायचा. आवाज वाढवतो. स्वतःच्या पैशाने आणला होता आणि स्वस्तातला होता.

"स्वस्त कशाला घेतलात? नीट तरी चालेल का?" मी म्हटलं.

"स्वस्त हाय म्हणून नापास करायचं न्हाई, बाई. आणि स्वस्त हाय म्हणून पास पण करायचं न्हाई. आठ दिवस बघतो."

आठ दिवस त्यांनी ती डबी तपासली आणि चार पानी अहवाल लिहिला. भाषा तपासायला माझ्याकडे दिला, म्हणून मी तो पूर्ण वाचला आहे. दुसऱ्या कुणी वाचला असेल असं वाटत नाही. वजन, किती तासांत चार्ज होते, किती तास चालते, किती तापते. मग मुख्य भाग, आवाज. डबी न लावता आणि डबी लावून तेच भजन एकवीस वेळा ऐकलं होतं. "पखवाजाची थाप जागच्या जागी. टाळ कानाला टोचत नाही, पेटीचा सूर भरीव. डबी न लावता आवाज पातळ, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. वाक्याच्या शेवटचे शब्द आता ऐकू येतात. शिफारस: हिरवी."

"भजनात वाक्याचा शेवट कुठून आला?" मी विचारलं.

"ते शेवटचं आपल्या कामाचं लिवलंय."

"पण आहे तो हेडफोन काय वाईट होता?"

"जुना झालाय."

हेडफोन मागच्या दिवाळीत आणलेला होता. मला ते माहीत होतं. पण मला बस पकडायची होती. मी दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि निघाले.

त्यानंतर लाल चिठ्ठ्या सुरू झाल्या.

पहिली उल्काताईंना. "सर्व पानांवर सूं." दुसरी मला. "सर्व पानांवर सूं. थांबता तिथे जास्त." तिसऱ्या दिवशी चार. आधी आम्ही माइकची वायर बदलली, मग माइक बदलला. वाचताना पंखा एकवर ठेवायला गंभिऱ्यांची सात वर्षं परवानगी होती. तो आम्ही बंद केला. ऑक्टोबर तापला होता. खिडक्या लावून, पंखा बंद करून, घामाच्या धारांत आम्ही वाचत होतो. शेजारच्या फ्लॅटमधल्या बाईंना त्यांचा फ्रिज दुपारी दोन ते पाच बंद ठेवाल का असं विचारून आलो. त्यांनी दार लावून घेतलं. चिठ्ठी आली: "सूं आहेच."

पंचवीस दिवसांत चौतीस रेकॉर्डिंगपैकी एकतीस नापास. दोन वाचकांनी घसा बसल्याचं कळवलं. घसा बसल्याचं त्यांनी खणखणीत आवाजात कळवलं.

आमचे सचिव रावसाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यामुळे अडवून ठेवण्याची त्यांना सवय आहे, पण दुसऱ्याने अडवलेलं चालत नाही. त्यांचा जावई तेजस हिंजवडीला कामाला आहे. त्याने सांगितलं, की हे सगळं तपासणारं सॉफ्टवेअर मिळतं, माणूस लागत नाही. रावसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "तीस तारखेला बैठक आहे. गंभिऱ्यांचा सत्कार करू, शाल देऊ. खुर्ची रिकामी करून घेऊ. तुमचं ऐकतात, तुम्ही जरा कानावर घाला."

मी घातलं. मला आडवळणाने बोलता येत नाही. "तीस तारखेला तुम्हाला काढणार आहेत," मी म्हटलं.

सात वर्षं हा माणूस आठवड्याचे पाच दिवस दोन बस बदलून खडकीहून येतो. पगार नाही, प्रवासखर्च नाही, सुट्टी नाही. मी पाहिलेल्या माणसांत आपल्या खुर्चीवर इतकं प्रेम करणारा दुसरा म्हणजे आमचे प्राचार्य. पण त्यांना तिचे पैसे मिळत.

"सूं हाय, बाई," ते म्हणाले. "मी न्हाई म्हणू का? तसलं पोरास्नी पाठवू?"

"मला तर ऐकू येत नाही."

"तुमचं वय झालंय."

हे मला त्यांनी सांगितलं. ते अडुसष्ट, मी शहात्तर. मी पर्स उचलून निघाले.

दुसऱ्याच दिवशी मांजरीहून संस्कृतीचा फोन आला. ही आमची विद्यार्थिनी, बीएच्या शेवटच्या वर्षाला. जन्मापासून दिसत नाही. घरचा ऊस, घरात शिकणारी ही पहिलीच. "मॅडम, सार्वजनिक आयव्ययाचं प्रकरण अजून आलं नाहीये. पेपरला अठरा दिवस राहिलेत. मी काय लिहू, तुमची वाट बघितली म्हणून?"

ते प्रकरण मी तीनदा वाचलं होतं आणि तीनदा लाल झालं होतं. मी सात वर्षांत कुणी केलं नव्हतं ते केलं. नापास रेकॉर्डिंग तिला परस्पर फोनवर पाठवलं. संध्याकाळी तिचा फोन.

"मॅडम, हे नापास का होतं?"

"सूं आहे त्यात. सांभाळून घे."

"कुठे? मी दोनदा ऐकलं. एकदम क्लीन आहे. तुम्ही पान उलटताना सुस्कारा टाकता, तेवढा आहे."

संस्कृतीच्या कानावर मी आक्षेप घेणार नव्हते. ती बसच्या आवाजावरून बस ओळखते. म्हटलं, उद्या ये.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती काठी टेकत ऐकण्याच्या खोलीत आली. गंभिऱ्यांनी उठून तिला खुर्ची दिली, हेडफोन दिला, माझं प्रकरण लावलं. ती मान तिरकी करून ऐकत राहिली. मग म्हणाली, "आहे. सूं आहे."

गंभिऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर फ्रेम करून लावण्यासारखी होती.

"पण माझ्या फोनवर नव्हती," संस्कृती म्हणाली. तिने हेडफोनच्या वायरीवरून बोटं फिरवत नेली, ती डबीपाशी आली. डबी चाचपली. पुढच्या वायरीवरून बोटं लॅपटॉपपर्यंत गेली आणि तिथे जराशी थांबली. "काका, आता तुम्ही ऐका."

त्यांनी हेडफोन चढवला.

"येतीय का सूं?"

"येतीय की. तीच."

"मॅडम वाचतायत?"

"न्हाई. थांबल्यात."

"किती वेळ थांबल्यात?"

त्यांनी नीट कान देऊन ऐकलं. "लई वेळ. चहा घेत असत्याल."

"काका," ती म्हणाली, "वायर काढलीय मी." आणि लॅपटॉपमधून निघालेलं टोक तिने वर धरलं.

गंभिऱ्यांनी हेडफोन काढला, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा लावला. लॅपटॉपला काहीही जोडलेलं नव्हतं आणि सूं चालूच होती. डबीची होती. चौदा वाचक पंचवीस दिवस घामाघूम झाले होते त्या डबीपायी.

"शून्य बघितलं न्हाई मी," ते म्हणाले.

आठ दिवस, चार पानं, एकवीस वेळा भजन. पण भजनात टाळ थांबत नाहीत. सूं ऐकू यायला मध्ये शांतता कुठे होती? आणि काहीच न लावता डबी नुसती ऐकायची, हे एवढं एकच करायचं राहिलं होतं. चौतीस वर्षं रोज सकाळी केलेलं काम.

डबीच्या कडेला नखाने सरकवायची बारीक कळ होती; एका बाजूला इंग्रजी एच, म्हणजे आवाज जास्त; दुसऱ्या बाजूला एल, म्हणजे कमी. ती एचवर होती. त्यांनी ती एलवर सरकवली आणि ऐकलं. "गेली," ते म्हणाले. वायर परत जोडली. माझा आवाज आला, स्वच्छ. ते ऐकत राहिले आणि प्रत्येक वाक्य संपत आलं की उजव्या कानावरचा हेडफोन तळहाताने दाबत राहिले.

"एलवर चांगलं चालतंय, तर एचवर का ठेवलं होतं?" संस्कृतीने विचारलं.

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"गंभिरे," मी म्हटलं, "हेडफोन जुना झालेला नाही."

"न्हाई."

"कुठला कान?"

"उजवा. उन्हाळ्यापास्नं. शेवटचे शब्द पोचंनात."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत."

"तुमच्या गुडघ्याचं तुम्ही कुणाला सांगितलंय?"

संस्कृती हसली. मी तिच्याकडे रागाने पाहिलं. त्याचा काय उपयोग.

मग मी एक सूचना केली आणि ती मी आजही योग्यच समजते. डबी एलवर ठेवा, एकतीस लाल चिठ्ठ्या फाडा, हेडफोनची वायर खराब होती म्हणून सांगू. कान डॉक्टरांना दाखवा. बैठकीत मी बोलते.

"माल चांगला व्हता," गंभिरे म्हणाले. "नापास मी केला. वायरीनं काय केलंय?"

त्यांनी खणातून दोन चिठ्ठ्या काढल्या. एक हिरवी: "अॅम्प्लिफायर. एलवर पास. एचवर वापरू नये. दोष यंत्राचा नाही." दुसरी पिवळी: "उ. गंभिरे. उजवा कान. दुरुस्ती." आणि ती पिवळी माझ्यापुढे सरकवली. "सही करा. सोताच्या चिठ्ठीवर सोताची सही चालत न्हाई."

मी सही केली. आयुष्यात मी पुष्कळ कागदांवर सह्या केल्या, पण इतक्या वाईट अक्षरात नाही.

डॉक्टरांनी कान पाहिला. अर्धा मळ, अर्धं वय, असा निकाल दिला. मळ काढला. वय राहिलं.

तीस तारखेला शाल आणलेली होती. रावसाहेबांनी भाषणाचा कागद काढला, त्याआधीच गंभिरे उठले आणि सगळं सांगितलं. डबी, कळ, शून्य, कान. एकही गोष्ट मऊ केली नाही.

उल्काताईंनी चष्मा काढला. "म्हणजे पंखा मी उगाच बंद ठेवला?"

"व्हय."

"महिनाभर?"

"पंचवीस दिवस."

"त्या फ्रिजपायी शेजारच्या बाईंशी माझं बोलणं बंद झालंय."

"ते तुम्हीच बघा," गंभिरे म्हणाले. मग रावसाहेबांकडे वळले. "कारखान्यात मास्टर पीस असतो. त्यातली खोट आधीपास्नं ठाव असते. तपासनिसाला ती सापडली तर तो बसतो, न्हाईतर उठतो. बाईंनी एक प्रकरण वाचावं, मुद्दाम चुका घालून. यादी तुमच्यापाशी बंद पाकिटात. एक जरी सुटली तर शाल द्या, मी जातो."

रावसाहेबांना हरकत घ्यायला जागा सापडेना. बारा चुका ठरल्या. त्या मी घातल्या, आणि हात राखून घातल्या नाहीत. बांगडी, कागद, लांबचं दार, आवंढा. आणि पाच ठिकाणी वाक्याचा शेवटचा शब्द अगदी गिळलेला. मैत्री वगैरे ठीक आहे, पण मुलांना पोचायचं ते नीटच पोचलं पाहिजे.

पुढच्या सोमवारी सकाळी सगळे त्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिले. गंभिऱ्यांनी आधी लॅपटॉपची वायर काढून नुसती डबी ऐकली. मान हलवली. वायर जोडली. मग पावणेदोन तास ते ऐकत होते आणि आम्ही त्यांच्याकडे बघत होतो. शेवटी त्यांनी कागद रावसाहेबांना दिला.

रावसाहेबांनी पाकीट फोडलं आणि एकेक खूण करत गेले. बांगडी. दार. गिळलेले शब्द, पाचच्या पाच. बाराही आल्या. मी श्वास सोडला. पण रावसाहेबांची पेन्सिल थांबली होती.

"गंभिरे, तुम्ही तेरा लिहिल्यात."

"तेरा हायेत."

"यादीत बारा आहेत. 'पान २१४. वाक्य एका गावाला निघालं आणि दुसऱ्याच गावाला पोचलं.' हे यादीत नाही." रावसाहेबांनी कागद खाली ठेवला. त्यांच्या आवाजात खोच नव्हती. "नसलेलं ऐकू येणं. सगळं याच्यावरनंच सुरू झालं ना?"

"आली परत सूं," उल्काताई पुटपुटल्या.

गंभिऱ्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच शंका पाहिली. त्यांनी डबीची कळ पाहिली. एलवरच होती. "तुमचं बरोबर हाय," ते म्हणाले. "चांगल्याला वाईट म्हणणं, ही पण सुटलेलीच चूक. नसंल तर मी उठतो. पुस्तक उघडा."

पुस्तक माझ्या हातात होतं. मी पान २१४ काढलं. दोन ओळी एकाखाली एक, दोन्हींची सुरुवात 'महसुली तूट' या शब्दांनी. पहिलीवरून माझी नजर थेट दुसरीच्या खाली उतरली होती. दुसरी ओळ गायब. हे प्रकरण मी एकतीस वर्षं शिकवलं आहे.

मी पुस्तक मिटलं. सगळे माझ्याकडे बघत होते म्हणून परत उघडलं.

"ओळ राहिलीय," मी म्हटलं. "माझी आहे."

उल्काताईंना फार काही बोलायचं होतं, पण त्यांनी आवंढा गिळला. गंभिऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, तो त्यांना ऐकू गेला असावा. रावसाहेबांनी शालीची पिशवी उचलून कपाटात ठेवली. तीन महिन्यांनी अध्यक्षांच्या वाढदिवसाला ती कामी आली.

"तुम्हाला अर्थशास्त्र कुठे कळतं?" मी गंभिऱ्यांना विचारलं.

"न्हाई कळत. पण बोलणारा मधनंच उठून गेला की कळतं."

त्यांनी खणातून चिठ्ठी काढली. पिवळी.

"नियमाने लाल बसते," मी म्हटलं. "मला सवलत नको."

"एक ओळ हाय, बाई. पिवळीत बसतीय." त्यांनी तारीख घातली, सही केली. "लाल फक्त चहाला."

मी माइकच्या खोलीत गेले, पंखा एकवर केला आणि पान २१४ पहिल्यापासून वाचलं.